खानदेशात कोणी रेडिओ ऐकत नाही म्हणे

प्रवासाहून परत आलेली माणसं खुशीत असतात आणि त्या खुशीतच चार पानं लिहितात. मी चिडून परत आले. महिने उलटले तरी चिडलेलीच आहे. तेव्हा हे वाचून कोणाला तिकडे सहलीला जावंसं वाटलं तर जरूर जा, माणसं फार चांगली आहेत. पण मी तिथे सहलीला गेले नव्हते. मी गेले होते माणसं मोजायला.

मी पुण्याच्या एका सर्वेक्षण कंपनीत फील्ड सुपरवायझर आहे. देशातले लोक कोणता साबण वापरतात, कोणता चहा पितात हे आम्ही विचारत फिरतो. सगळ्या देशाला विचारता येत नाही, म्हणून काही गावं नमुना म्हणून निवडायची, त्या गावांत काही घरं निवडायची, आणि ती घरं बोलली म्हणजे देश बोलला असं समजायचं. या खेपेला काम रेडिओचं होतं. कोण ऐकतं, कधी ऐकतं, काय ऐकतं. ज्या रेडिओवाल्यांसाठी हे चाललं होतं त्यांचं नाव मी लिहिणार नाही, पण त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला बैठकीत सरळ सांगितलं होतं. ठिकठिकाणी बोलीभाषेत चालणारे संध्याकाळचे कार्यक्रम ठेवायचे की बंद करून मुंबईहून एकच कार्यक्रम सगळीकडे सोडायचा, हे आमच्या आकड्यांवर ठरणार होतं. त्यात धुळ्याचा अहिराणीतला कार्यक्रमही होता. नलूवहिनी नावाची एक बाई तो चालवायची. तिच्याविषयी तेव्हा मला एवढंच माहीत होतं.

जळगाव

स्टेशनवर वैशाली न्यायला आली होती. ती आमची तिथली मुलाखतकार, माहेर साक्रीकडचं, सासर जळगावात. बोलता बोलता मराठीतून अहिराणीत कधी शिरते ते तिचं तिलाच कळत नाही. मला भूक लागली होती आणि पुण्याहून निघतानाच भरीत-पुरीचा बेत ठरवून निघाले होते. हॉटेलात बसले, ऑर्डर दिली, तर वाढणारा गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, श्रावणात भरीत?"

"का? मिळत नाही?"

"आमच्याकडची भरिताची वांगी थंडीत येतात. आणि श्रावणात वांगं खातं कोण? दिवाळीनंतर या, चुलीवर भाजून देतो."

मी मुकाट्यानं शेवभाजी मागवली. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. वैशाली हसत होती. आमच्याकडे पुण्यात शेवभाजी म्हणून जे मिळतं ते खरं तर गोड वरण आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घाम पुसून मी तिला कामाचं वेळापत्रक दाखवलं. ते पाहून तिचा चेहरा उतरला.

"ताई, या आठवड्यात? अहो कानबाई आहे!"

कानबाई म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. वैशालीनं सांगितलं ते असं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई मांडतात. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, नवं वस्त्र. रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. सुरतेला, नाशिकला, पुण्याला पोटासाठी गेलेला सगळा गोतावळा त्या दोन दिवसांसाठी गावी येतो. एका कुळाची सगळी भावकी एका घरात जमते, एकत्र जेवते. "दिवाळीला एक वेळ कोणी आलं नाही तर चालतं, कानबाईला नाही," वैशाली म्हणाली. "त्या गर्दीत रेडिओ कोण लावेल? आणि आपण विचारणार, गेल्या सात दिवसांत ऐकला का? लोक नाहीच म्हणतील ना."

बोलणं अगदी साधं होतं, माझ्याही डोक्यात शिरलं. मी तिथूनच मुंबईला आमच्या सरांना फोन लावला. हे सगळ्या प्रकल्पाचे प्रमुख. वयानं माझ्याहून बरेच लहान, बोलायला अतिशय गोड. चिडायला जागाच ठेवत नाहीत, म्हणून जास्तच चीड येते. मी म्हटलं, खानदेशचं काम एक आठवडा पुढे ढकलू या.

"मॅडम, हा नॅशनल सर्व्हे आहे. सगळीकडे एकच आठवडा. लोकल फेस्टिव्हल काय, कुठे ना कुठे असतोच."

"गणपतीत मुंबईचं काम ठेवलं असतं का तुम्ही?"

"ते वेगळं, मॅडम," ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते वेगळं कसं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

भडगाव

भडगावात आमचं काम गावातल्या एका वस्तीत होतं. गिरणेच्या काठचं तालुक्याचं गाव, माणसं बोलकी. काम पटापट उरकलं. निघताना ड्रायव्हरनं जवळचा रस्ता म्हणून शेतातली वाट धरली आणि काळ्या मातीच्या चिखलात गाडी अशी रुतली की दार उघडलं तर पाय घोट्यापर्यंत आत. माझी एक चप्पल तिथेच राहिली. ती आता गिरणेच्या खोऱ्याची झाली.

बाजूला केळीचा बाग होता, घडांची कापणी चालली होती. माणसं घड खांद्यावरून आणून ट्रकपाशी रचत होती. आमची फजिती बघून ती कामं टाकून आली. ढकलाढकली झाली, सगळ्यांच्या अंगावर चिखल उडाला, गाडी हलेना. शेवटी त्यांचा म्होरक्या म्हणाला, "थांबा जरा. आते ट्रॅक्टर येस." या म्होरक्याला सगळे जिभाऊ म्हणत होते. तिकडे मोठ्या माणसाला मानानं जिभाऊ म्हणतात.

आम्ही बांधावर बसलो. कोणी तरी केळी दिली, कोणी पाणी. आणि ट्रकच्या आरशाला अडकवलेल्या एका मळक्या रेडिओतून एका बाईचा आवाज आला. अहिराणीत. राम राम घालून ती बोलायला लागली आणि माझ्या शेजारी बसलेली माणसं गप्प झाली. शिंदखेड्याकडे कोणाची म्हैस चुकली होती, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, दिसली तर कळवा. कपाशीवर अळी दिसते का ते पान उलटं करून बघा. एका गावची म्हातारी दवाखान्यातून घरी आली, तिच्या लेकी सुरतेला ऐकत नसतील तर कोणी तरी फोन करून सांगा. मग कानबाईचं एक गाणं तिनं स्वतःच म्हटलं, साथीला काही नाही. आवाज काही असा मखमली वगैरे नव्हता. शेजारघरातून हाक मारावी तसा होता. एक बाई घड पुसता पुसता तिच्याबरोबर गुणगुणत होती.

"रोज ऐकता?" मी जिभाऊंना विचारलं.

"रोज. पोरे मोबाईल पाह्यतस, ते पाहू दे. पन हाई आमनी भाषा शे ना. नलूवहिनीनं नई आयकं तं दिवस सरत नई."

मी वैशालीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली. आमच्या नमुन्यात भडगावची ती गावातली वस्ती होती. हा बाग नव्हता. नलूवहिनीचं नाव घेणारी ही सगळी माणसं आमच्या हिशेबात नव्हतीच. मी टॅब पिशवीत घातला. ट्रॅक्टर आला, गाडी निघाली, जिभाऊंनी केळीचा एक फणा बळेच मागच्या सीटवर ठेवला.

धुळे

धुळ्यात रेडिओ केंद्रावर जाऊन त्या नलूवहिनीला बघावं असं फार मनात होतं. पण नियमानं आम्हाला ते करता येत नाही. ज्यांचं काम चाललंय त्यांच्या माणसांना भेटायचं नाही. बरोबर आहे, मी वर्षानुवर्षं पाळत आलेय. म्हणून रविवारी सकाळी शहाण्यासारखी केंद्राच्या बाजूलाही न फिरकता आम्ही दोंडाईच्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका टपरीवर कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. ज्वारीत उडीद मिसळून दळलेली ती भाकरी खाऊन पोट असं भरतं की संध्याकाळपर्यंत कशाची आठवण येत नाही. आमच्याकडची ज्वारीची भाकरी त्यापुढे पथ्याची वाटते.

दोंडाईच्याच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. धुळे जिल्ह्याच्या खेड्यांतून नमुन्यात हे एकच गाव निघालं होतं. म्हणजे या गावानं जे सांगायचं तेच साऱ्या जिल्ह्यातल्या खेड्यांनी सांगितलं असं धरलं जाणार होतं.

आमच्या प्रश्नांची सुरुवात कशी होते ते इथे सांगायला हवं. रेडिओविषयी विचारण्याआधी एक चाळणी असते. तुमच्या घरातलं कोणी रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र किंवा जाहिरातीच्या कामात आहे का? हो म्हटलं की घर बाद. टॅबवर धन्यवाद असं येतं आणि पुढचं काही उघडतच नाही. कारण असं की, अशी माणसं आपल्या धंद्याच्या बाजूनं बोलतील. मला हा नियम नेहमी शहाणपणाचा वाटत आलाय. पुण्यात असं घर क्वचित निघतं, आम्ही पुढच्या दारावर जातो.

या गावात पहिल्या दारावर वैशालीनं विचारलं आणि आतून बाई कौतुकानं म्हणाली, "व्हय ना! आमनी नलू बोलस रेडिओवर!" धन्यवाद. दुसऱ्या दारावर तेच. तिसऱ्या दारावर तर आमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. नमुन्यात निघालेली घरं सगळी याच गल्लीतली, आणि सगळी गल्ली एका कुळाची. नलूवहिनी या कुळाची सून. तिच्यामुळे ज्या घरांत रोज संध्याकाळी रेडिओ लागत होता, ती सगळी घरं मोठ्या अभिमानानं एकामागून एक स्वतःला बाद करून घेत होती. मला हसावं की रडावं कळेना. वैशाली दर वेळी टॅबकडे बघून "अरे देवा" म्हणत होती.

गल्लीच्या टोकाला मोठं घर होतं. कानबाई तिथेच बसवली होती. अंगणात मांडव, आत बायांची गर्दी, सुरतेहून आलेली मंडळी ओट्यावर. आबा म्हणजे या भावकीतले सगळ्यांत वडील. त्यांनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. देवीसमोर गव्हाचे जाड रोट भाजून ठेवले होते, नैवेद्याला पुरणपोळी होती, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी होती. मला वाटलं आता ताट येणार. ताट आलं, त्यात पोळी होती, खीर होती, भाजी होती. रोट नव्हता.

"राग मानू नका ताई," आबांच्या घरच्या मोठ्या काकू म्हणाल्या. "रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो."

खरं सांगते, क्षणभर मला लागलं. आमच्याकडे गौरी जेवायला बसल्या की दारावरून जाणाऱ्यालाही हात धरून पाटावर बसवतात. इथे पाहुणीला भरलं ताट देतात आणि एक पदार्थ बाजूला ठेवतात. पण मग लक्षात आलं की यात माझा अपमान नाही. आपलं कोण हे दाखवायची त्यांची ही रीत आहे. तेवढ्यात सैपाकघरातून एक बाई डोक्यावर पदर घेऊन आली, खाली बसली, आणि काकूंनी तिच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. ती बोलली तेव्हा मी चमकले. आवाज ट्रकच्या आरशातला होता.

नलूवहिनी कानबाईसाठी आदल्या दिवशीच धुळ्याहून आली होती. मी तिला टाळत आले होते आणि आता तिच्यासमोर मांडी घालून खीर खात होते. नियमाची ऐशी की तैशी.

मी अंगणात जाऊन सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपली घराची व्याख्या क्लिअर आहे. एका छताखाली राहणारे, एका चुलीवर जेवणारे. ती धुळ्याला राहते ना? मग ती त्यांच्या घरातली नाही. तुम्ही एकदा समजावून सांगू शकता. ते नाही म्हणाले की पुढचे प्रश्न उघडतील."

मला हायसं वाटलं. वाट निघाली होती आणि खोटं कोणालाच बोलावं लागणार नव्हतं. आत आले. आबांना नीट समजावलं. हा कार्यक्रम राहणार की जाणार हे तुमच्या गावावर आहे, हेही सांगितलं. हे सांगायचं नसतं, मी सांगितलं. म्हटलं, आबा, नलूवहिनी धुळ्याला राहतात. कागदापुरतं त्या तुमच्या घरातल्या नाहीत. मी परत विचारते, तुम्ही फक्त नाही म्हणा. मग तुम्ही रोज ऐकता ते आम्हाला मोजता येईल.

आबा माझ्यासमोर येऊन बसले.

"ताई, ती आज कोठे जेवनी?"

"इथेच."

"झोपनी कोठे?"

"इथेच."

"मंग?" ते म्हणाले. "कानबाई घरमा बसेल शे. तिना समोर सांगू का, हाई आमना घरनी नई म्हनीसन?"

"आबा, तिचा कार्यक्रम वाचेल हो!"

"तिले वाचाडासाठे तिलेच घरमाईन काढू?"

माझा आवाज चढला. मला लाज वाटत नाही सांगायला, मी त्या म्हाताऱ्या माणसावर त्याच्याच घरात, त्याच्या देवीसमोर ओरडले. एक शब्द! एका शब्दानं काय बिघडतंय? उद्या तो रेडिओ बंद पडेल आणि मग काय ऐकणार आहात तुम्ही, मुंबईच्या गप्पा? बायका बघायला लागल्या. वैशालीनं माझा दंड धरला.

नलूवहिनी उठून उभी राहिली. "आबा, म्हनी टाका ना नई. कागदवरच शे ते. मी बाहेर जास."

"बस खाले," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "एकदाव म्हनेल शे मी. परत नई म्हननार." आणि उठून देवीपाशी जाऊन बसले.

मला त्याचा अर्थ कळला नाही. नलूवहिनीनं मला बाहेर ओट्यावर नेलं आणि सांगितलं. माझ्याशी ती मराठीत बोलली, अगदी स्वच्छ.

"माझा नवरा गेला तेव्हा मी याच घरात होते, ताई. वर्षाच्या आत रेडिओवर लागले. विधवा बाई रोज सगळ्यांसमोर बोलते, गाणी म्हणते, हे कोणाला सहन होईना. त्या वर्षीच्या कानबाईला मी आले तर आबांनीच सांगितलं, ही आता आपल्या घरची नाही, हिला रोट देऊ नका. मी दारातून परत गेले. पुढे काही वर्षं आलेच नाही. पण आबा संध्याकाळी रेडिओ लावायचे. दुसरं काय ऐकणार, अहिराणीत तेवढंच लागायचं. शिव्या देत लावायचे म्हणे. मग शिव्या थांबल्या. एका श्रावणात माझ्या धुळ्याच्या खोलीच्या दारात उभे. म्हणाले, चल, कानबाई बसवायची आहे. एवढंच."

"मग आज त्यांनी म्हणायला काय हरकत होती?" मी विचारलं. विचारलं आणि स्वतःचाच राग आला.

"तुम्ही म्हणाला असता?" ती म्हणाली.

मी पुन्हा सरांना फोन केला. म्हटलं, सर, तुमच्याच व्याख्येनं बोलते. आज ती याच छताखाली झोपते आहे आणि याच चुलीवर जेवते आहे. ही आख्खी गल्ली आज एका चुलीवर जेवते आहे.

"असं का? मग हो आहे ना, मॅडम. मग ते घर बाद."

"आणि बाकीची?"

"एका चुलीवर जेवतात म्हणालात ना? मग तीही बाद. उलट आता काही प्रश्नच राहिला नाही."

त्या गोड आवाजाच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. आजही वाटतं. ती धुळ्याला राहते म्हटलं तर माणसं तिला परकी म्हणायला तयार नाहीत, आणि ती आमची आहे म्हटलं तर त्यांचं ऐकणं ऐकणंच नाही. मी म्हटलं, दुसरं गाव द्या. गाव बदलता येत नाही. म्हटलं, आठवड्यानं परत येते, ही जेवणावळ संपेल. आठवडा बदलता येत नाही. म्हटलं, शेरा लिहिते. शेऱ्याला जागा आहे, मॅडम, पण तो आकड्यात येत नाही.

त्या संध्याकाळी कानबाईची गाणी सुरू झाली. नलूवहिनी मधोमध बसून म्हणत होती, बायका मागून धरत होत्या. आबा खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. सुरतेहून आलेली एक सून मला म्हणाली, "आमच्या तिथे मोबाईलवर ऐकतो आम्ही यांचा कार्यक्रम, धुळ्याचा कोणी तरी फोन धरून ठेवतो रेडिओपाशी." आमच्या टॅबवर त्या गावापुढे लिहून आलं होतं की योग्य घर आढळलं नाही.

निघताना आबा गाडीपर्यंत आले. मी ओरडल्याबद्दल माफी मागणार होते, तर त्यांनीच हात जोडले. "ताई, तुमनं काम अडी राह्यनं आमनामुये." मी गाडीत बसले आणि वैशालीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही.

पुण्यात

मी लांबलचक अहवाल लिहिला. कानबाई, चूल, रोट, केळीचा बाग, सगळं. त्यावर कोणी तरी सहृदय माणसानं "इंटरेस्टिंग" असं लिहिलं. दिवाळीच्या सुमाराला धुळ्याचा अहिराणी कार्यक्रम बंद झाला. त्या वेळेला आता मुंबईहून दोन पोरं बोलतात. एकमेकांच्या विनोदावर आधी तीच हसतात. मी पुण्यात बसून एकदा ऐकला. रस्त्यावरच्या ट्रॅफिकची चर्चा चालली होती, अंधेरीच्या.

नलूवहिनीचा एकदा फोन आला होता. धुळ्याची खोली सोडून ती गावी परत गेली आहे, दोंडाईच्यात मिरची निवडायच्या कामाला जाते. मिरचीच्या ठसक्यानं मध्ये मध्ये खोकत होती. मी रडकुंडीला येऊन काही तरी बोलायला लागले तर म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला? तुम्ही तर भांडलात." मला ते ऐकून अजिबात बरं वाटलं नाही. भांडून काय झालं?

परवा या सर्वेक्षणाची दुसरी फेरी झाली. तीच गावं, तीच घरं. खानदेशचं काम वैशालीनं केलं, मी गेले नाही, मला जाववलं नाही. आकडे आले तसा सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. "मॅडम, आनंदाची गोष्ट. तुमचं ते दोंडाईच्याकडचं गाव या वेळी पूर्ण झालं. एकही घर बाद नाही. आणि बघा, मी म्हणत होतो ना, तिथे रेडिओ कोणीच ऐकत नाही. आपला निर्णय बरोबर होता."

मी फोन ठेवला आणि वैशालीला लावला. विचारलं, आबांच्या घरी गेली होतीस?

"गेले ना ताई. आबांनीच दार उघडलं. पहिला प्रश्न विचारला, घरातलं कोणी रेडिओत आहे का. मग म्हणाले, आते कोनी नई. लगेच पुढचे प्रश्न उघडले."

"आणि मग?"

"मग विचारलं, गेल्या सात दिवसांत रेडिओ ऐकला का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कोनले आयकू?"

टॅबवर त्यासाठी बटण नव्हतं. वैशालीनं नाही दाबलं.